फोन पोराच्या हातात द्यायच्या आधी: वाचनासाठी एआय वापरायचा नेमका क्रम

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या शिक्षकांचे मला सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच तक्रारीसाठी. "सर, ॲप टाकलं, पोरं रोज वाचतात, स्टार पण भरपूर मिळतात, पण पुस्तक हातात दिलं की परत तेच." प्रत्येकाला विचारलं की सुरुवात कुठून केली, तर उत्तर ठरलेलं, ॲप डाउनलोड करून. म्हणजे जे सातव्या नंबरला यायला पाहिजे ते पहिल्या नंबरला आलं. साधनं वाईट नाहीत भो, क्रम उलटा होतोय, म्हणून सगळा क्रम एकदाच लिहून काढतोय. मी सातपुड्याच्या पायथ्याशी शिकवतो, वर्गात अर्धी पोरं घरी अहिराणी बोलणारी आणि बाकीची पावरी, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येणार. तुमच्याकडे लेवा बोली किंवा मावची असेल तर तसं बदलून घ्या.

टप्पा १: परवानगी, फोन आणि जागा

हे कंटाळवाणं आहे पण आधी उरका. शाळा व्यवस्थापन समितीत आणि पालकसभेत साध्या भाषेत सांगा की शिक्षकाच्या फोनवर मूल वाचणार, काही वेळा आवाज रेकॉर्ड होणार आणि तो फोनच्या बाहेर जाणार नाही. सही किंवा अंगठा घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, "आपली गावातलीच पोरं आहेत" हे कारण तिथे चालत नाही.

चॅटजीपीटी, जेमिनी वगैरे गप्पा मारणारी साधनं फक्त शिक्षकाने वापरायची. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या नियमातच १३ वर्षांखालच्या मुलांना ते वापरायला मनाई आहे आणि आपली पोरं सहा ते दहा वर्षांची. त्यात मुलाचं नाव, फोटो, गाव काही टाकू नका, "दुसरीतलं एक मूल" एवढं पुरतं.

जागेचं बघा. वाचन ऐकणाऱ्या ॲपला गोंगाट चालत नाही. आमच्याकडे खिचडीचा कुकर आणि तिसरीचे पाढे एकाच वेळी सुरू असतात, तिथे ॲप बिचारं काय ऐकणार. मी व्हरांड्याचं टोक धरलं, माईकवाला साधा वायरचा इअरफोन घेतला, काम झालं. आदल्या रात्री चार्जिंग करून ठेवा आणि लाइट असेल या भरवशावर राहू नका. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कित्येक पाड्यांवर नेट मिळत नाही, तिथल्यांनी गोष्टी तालुक्याला किंवा घरी असतानाच डाउनलोड करून न्यायच्या.

तपासा: सह्या आल्या का, फोनवर तुमचं व्हॉट्सॲप, बँक, गॅलरी लॉक आहे का. हे दुसरं लोक हमखास विसरतात आणि मग पोरगं वाचता वाचता तुमच्या साडूच्या लग्नाचे फोटो बघत बसतं.

टप्पा २: आधी स्वतःच्या कानाने ऐका

कोणतंही ॲप उघडायच्या आधी प्रत्येक मूल एकेकटं तुमच्यासमोर वाचून झालं पाहिजे. नवीन चाचणी शोधायची गरज नाही, 'असर' या शालेय सर्वेक्षणातली वाचन तपासायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: परिच्छेदापासून सुरू करा, नीट वाचला तर गोष्ट द्या, अडकला तर शब्दांवर या, पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर शब्दस्तर, नाही तर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. एका मुलाला साधारण पाच मिनिटं लागतात, तीस पोरांचं काम रोज पाच-सहा धरून एका आठवड्यात होतं.

परिच्छेद वाचणाऱ्या मुलांचं एक मिनिटाचं वाचनही मोजून ठेवा. एकूण वाचलेले शब्द वजा चुकलेले, झालं. म्हणजे ५८ वाचले, ७ चुकले, तर ५१. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द असं लक्ष्य दिलंय, तेही समजून वाचण्यासकट. पण मराठीत "झाडाखालच्यांनी" हा एकच शब्द धरला जातो, तेव्हा दोन-चार शब्द कमी पडले म्हणून पोराच्या डोक्यावर बसू नका.

थांबा: हे मोजायला फोनचं व्हॉइस टायपिंग वापरू नका. मी वापरून पस्तावलो. एक पोरगी "आई विहिरीवर गेली" हे "आई विहिरीत गेली" असं वाचत होती, स्क्रीनवर मात्र व्यवस्थित "विहिरीवर" उमटलं, मला वाटलं व्वा. बोललेलं लिहून काढणारं यंत्र नुसता आवाज ऐकत नाही, पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त याचाही अंदाज लावतं, त्यामुळे मुलाची चूक ते परस्पर दुरुस्त करून टाकतं आणि नेमकी तीच चूक आपल्याला हवी असते. रेकॉर्डिंग करा, पण मोजायचं रात्री स्वतः ऐकून, वहीत पेन्सिलने.

टप्पा ३: चूक कुठली आणि बोली कुठली

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि खान्देशात तर हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

अहिराणी घरातलं मूल "शाळा" ला "शाया" म्हणतं, "डोळा" ला "डोया", "पाणी" ला "पानी". पुस्तकात "काळी गाय" छापलंय आणि पोरगं "कायी गाय" वाचतं. मी विचारलं, कायी म्हणजे काय रे? तो म्हणे, "काया रंगनी ना सर." म्हणजे अक्षर ओळखलं, शब्द ओळखला, अर्थ लागला, फक्त ओठातून घरचा उच्चार आला. ॲप याला चूक धरतं, शब्द लाल करतं, पोरगं तोच शब्द चार वेळा म्हणतं, पाचव्या वेळी गप्प बसतं आणि सहाव्या दिवशी "मले नई वाचनं" म्हणतं. उलट "शाळा" ला "शाला" किंवा "शाळी" वाचणारं मूल खरंच अडलेलं असतं, एक अक्षरावर आणि दुसरं काना-वेलांटीवर.

ओळखायचं कसं? पुस्तक मिटा. शाळेकडे बोट दाखवून विचारा, हे काय? तोंडी पण "शाया" म्हणालं तर ती बोली. तोंडी "शाळा" म्हणतं आणि वाचताना "शाला" म्हणतं तर ती वाचनातली चूक. वहीत दोन रकाने करा, एकात बोली, दुसऱ्यात चूक, आणि बोलीचा रकाना चुकांच्या बेरजेत धरायचा नाही म्हणजे नाही. प्रमाण उच्चार पुढे सावकाश येतो, गोष्टी ऐकून ऐकून, त्यासाठी पहिलीतच वाचन बंद पाडायची गरज नाही.

पावरी बोलणाऱ्या मुलांचं दुखणं वेगळं. ती कधी कधी धडाधड वाचतात, स्टारही मिळवतात आणि अर्थ शून्य, कारण तो शब्द त्यांनी शाळेच्या बाहेर कधी ऐकलेलाच नसतो. त्यांच्यासाठी गोष्टीतल्या आठ-दहा शब्दांची पावरी यादी करून घ्या, आणि ती अंगणवाडी ताईकडून किंवा एखाद्या पालकाकडून. एआयला विचारू नका. मी अहिराणीत विचारून बघितलं तर त्याने पुणेरी मराठीच्या शेवटी "शे" चिकटवून दिलं, "मी शाळेत जातो शे" असलं काहीतरी. आमची पोरं "मी शायामा जास" म्हणतात. अहिराणीचे हे हाल तर पावरीचं काय होणार बघा.

टप्पा ४: गोष्ट लिहून घेणं

आता एआय कामाला येतं. आपल्याकडे नेहमी कमी पडतं ते मुलाच्या नेमक्या पातळीचं वाचायला साहित्य. आधी स्टोरीवीव्हर बघा, प्रथम बुक्सची ही साइट आहे, मराठी गोष्टी पातळीनुसार मिळतात आणि छापायला, वाटायला मोकळ्या आहेत. तिथे माणसाने लिहिलेली चांगली गोष्ट मिळत असेल तर यंत्राला कशाला त्रास द्यायचा. तिथे जे मिळत नाही, समजा फक्त "ऊकार" घोटवायला गोष्ट हवी किंवा कापूस वेचणीवर हवी, तेवढंच एआयकडून लिहून घ्या.

"लहान मुलांसाठी छान गोष्ट लिही" असं मागितलं की राजा, परी आणि शेवटी "म्हणून नेहमी खरे बोलावे" येतंच येतं. मागताना असं मागा:

"दुसरीच्या मुलांसाठी मराठी गोष्ट लिही. एकूण ६० शब्द. प्रत्येक वाक्य ४ ते ६ शब्दांचं. त्या, त्याने, म्हणाला, म्हणाली एवढे सोडून जोडाक्षर असलेला शब्द नको. उकार असलेले शब्द जास्त घे: झूल, घुंगरू, धूळ, गूळ, ऊन. प्रसंग: आज पोळा आहे, बैलाची झूल सापडत नाही. गाव खान्देशातलं. शेवटी उपदेश नको. हिंदी वळणाची वाक्यं नको."

जोडाक्षराला सूट का दिली? कारण "जोडाक्षर अजिबात नको" म्हटलं की मराठीत दोन वाक्यं पुढे जाता येत नाही, त्याने-तिच्या-म्हणाला येणारच. गंमत बघा, "पोळा" साधा शब्द, पण "पोळ्याला" म्हटलं की आलंच.

एकदम दहा गोष्टी मागू नका, दहाही सारख्याच येतात, नावं फक्त बदलतात. एक मागा, सुधारून घ्या, मग दुसरी.

टप्पा ५: छापायच्या आधी गोष्ट तपासा

इथे घाई केली आणि माझी फजिती झाली. केळीवरची एक गोष्ट न वाचता झेरॉक्स मारली, तीस प्रती. त्यात "राजू केळीच्या झाडावर चढला आणि त्याने वरची केळी तोडली." पूर्ण वर्ग हसायला लागला. ज्यांच्या बापाचं आयुष्य केळीच्या बागेत गेलं त्या पोरांना माहीत आहे की केळीवर कोणी चढत नाही, घड कापतात. एक जण तर म्हणाला, "सर, हाई पुस्तक कोनी लिखं?" काय सांगणार. दुसऱ्या गोष्टीत बाई कापूस "तोडत" होत्या, वेचत नव्हत्या.

त्यामुळे पेन्सिल घ्या आणि या क्रमाने बघा.

शब्द मोजा. ६० सांगितले तर ९० येतात, यंत्राला मोजणी जमतेच असं नाही. मग जोडाक्षरांना गोल करा, परवानगी दिलेली सोडून दोनपेक्षा जास्त गोल झाले तर ती वाक्यं स्वतः बदला, परत परत यंत्राला सांगत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. त्यानंतर मोठ्याने वाचा. जिथे तुमचीच जीभ अडखळते तिथे वाक्य हिंदीवरून किंवा इंग्रजीवरून आलेलं असतं, "तो खूप खूश झाला आणि त्याने आपल्या आईला मिठी दिली" असलं. आपल्याकडे मिठी मारतात. ऱ्हस्व-दीर्घ बघा, "पाणि", "आणी" असं एखादं सुटलेलं असतं आणि मूल तेच डोळ्यात साठवतं.

पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो काढून मजकूर उचलत असाल तर घ आणि ध, भ आणि म, रफार आणि अनुस्वार ही ठिकाणं शब्द न् शब्द ताडून बघा. चित्रही एआयकडून करून घेत असाल तर चित्रात मराठी अक्षरं मागू नका, बहुतेक वेळा तुटकी-वाकडी, कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं काढून देतं. चित्र वेगळं घ्या आणि मजकूर खाली स्वतः टाइप करा.

थांबा: कविता किंवा ओव्या मागू नका. बहिणाबाईंची कविता दे म्हटलं की न मिळालेल्या ओळी स्वतः रचून त्यांच्या नावावर देण्याची या साधनांना खोड आहे, आणि ते ठेक्यात बसतं म्हणून पटकन खरंही वाटतं. जळगावात बसून बहिणाबाईंच्या नावावर खोट्या ओळी शिकवायच्या म्हणजे हद्द झाली. कविता छापील पुस्तकातूनच घ्या.

टप्पा ६: वर्गात वाचन, फोन अजून खिशातच

गोष्ट हातात आली की क्रम असा. आधी तुम्ही वाचा, हावभाव करून, पोरं नुसती ऐकतील. मग सगळे मिळून, ओळीखाली बोट ठेवून. मग जोडीने, एक वाचणार आणि दुसरा बोट फिरवणार. मग एकट्याने हळू आवाजात. यात दोन तास जातात, जाऊ द्या.

इथे एक शॉर्टकट सगळ्यांना सुचतो, फोनलाच गोष्ट मोठ्याने वाचायला लावायची. चालेल, पण आधी फोनच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट टू स्पीच शोधून आवाज मराठी आहे का बघा. हिंदी आवाज मराठी वाचतो तेव्हा ळ ची वाट लागते आणि "चार" मधला च आणि "चाक" मधला च एकसारखाच येतो, "जीव" आणि "जागा" चं पण तेच. मराठी आवाजही कुठेतरी चुकतो, म्हणून आधी स्वतः एकदा पूर्ण ऐका. आणि फोन वाचत असताना मुलाचं बोट ओळीवर फिरलं पाहिजे. बोट नसेल तर तो रेडिओ झाला.

टप्पा ७: आता वाचन ऐकणारं ॲप

गूगलचं रीड अलाँग बहुतेकांना माहीत आहे, मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, अडलं की शब्द म्हणून दाखवतं, मराठीत आहे, आणि गोष्टी एकदा डाउनलोड केल्या की नेट लागत नाही. अशी दुसरी ॲप पण आहेत, पद्धत तीच.

कोणाला द्यायचं? शब्दस्तराच्या वरच्या मुलांना. अक्षरावर अडलेल्या मुलाला दिलं की ते चित्रं दाबत बसतं, त्याला तुमच्या शेजारी बसवून अक्षरपट्टीच द्या. एका मुलाला दिवसाला दहा मिनिटं, त्याच्या पुढे नाही. पाच जणांचा गट, एक वाचतो तेव्हा बाकी चार छापील गोष्टी वाचतात, सगळ्यांनी फोनभोवती घोळका केला तर वाचणाऱ्याऐवजी शेजारचं हुशार पोरगंच उत्तर देतं आणि ॲपला वाटतं यालाच आलं.

बोलीमुळे लाल होणारे शब्द मुलाला आधीच सांगून ठेवा: "हा शब्द तुला येतो, फोनला तुझं बोलणं समजलं नाही, पुढे जा." एवढं एक वाक्य मी बोलायला लागलो आणि दोन पोरी परत ॲपवर बसायला लागल्या.

तपासा: आठवड्यातून एकदा मुलाने ॲपवर वाचलेलीच गोष्ट कागदावर द्या, पण परिच्छेदांचा क्रम बदलून. पाठ झालं असेल तर लगेच कळतं. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की स्टार मोजून अहवाल द्या. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त स्टार असलेल्या पोराला एकच गोष्ट येत होती, तीच त्याने शंभर वेळा वाचली होती.

टप्पा ८: समजलं का

एआयकडून प्रश्न काढून घ्या, पण "गोष्टीत कोण होतं, कुठे गेलं" असलेच प्रश्न ते आधी देतं, त्यांची उत्तरं मूल ओळीतून उचलून देतं. सांगा की पाच प्रश्न हवेत, दोन ओळीत सापडणारे, दोन "का" विचारणारे आणि एक असा ज्याचं उत्तर गोष्टीत नाही, मुलाच्या अनुभवातून यावं. पोळ्याच्या गोष्टीवर: झूल सापडली नसती तर तू बैलावर काय टाकलं असतंस? एक जण म्हणाला मायची जुनी साडी, एक म्हणाला फवारणीच्या ताडपत्रीचा तुकडा. दोघांना गोष्ट समजलेली होती.

उत्तर अहिराणीत आलं, पावरीत आलं तरी घ्या. तुम्हाला पावरी येत नसेल तर चौथीतल्या मोठ्या मुलाला बाजूला बसवा.

टप्पा ९: चार आठवड्यांनी परत कान

टप्पा दोन जसाच्या तसा परत, नवीन परिच्छेदावर. वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी नवीन आकडा लिहा. पुढे सरकलेल्या मुलांना वरच्या पातळीची गोष्ट. जी सरकली नाहीत त्यांचा चुकांचा रकाना काढून बघा, बहुतेकदा एकच गोष्ट सापडते, रफार, किंवा "ऐ-औ", किंवा पाठीमागच्या बाकावरून फळाच दिसत नाही. असं वाटलं तर डोळे तपासून घ्या, ॲप बदलत बसू नका.

हे सगळं दिवाळीच्या आत एकदा पूर्ण करा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं निघून जातात आणि तिथे कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, फोन चार्ज करायची सोय असेलच असं नाही. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पातळीच्या सहा-सात गोष्टी मोठ्या अक्षरात छापा, पिन मारा, मागच्या पानावर मुलाचा स्तर आणि अडणारी अक्षरं लिहा, म्हणजे तिकडच्या शाळेत बसलंच तर त्या गुरुजींना परत पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, कोपीत दव पडतं.